अंब्रोलीच्या शाळेचे डॉ. जॉन विल्सन

एका ख्रिस्ती मिशनऱ्याचे चरित्र आपल्या पानांत कशाला, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले ते आपल्या वाडवडिलांना व त्यांच्या शेजाऱ्यांना ख्रिस्ती करण्यासाठीच. हा हेतू त्यांनी कधी लपविला नाही. परंतु हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापून आपल्या मुलांच्या हाती देणारा माणूसही हाच. ज्यांच्या घरी पणजोबांची मराठी-हिब्रू प्रार्थनेची जुनी पुस्तके अजून जपून ठेवलेली आहेत, त्यांनी या माणसाची गोष्ट एकदा तरी नीट ऐकावी. गोड तेवढेच सांगावे व कडू झाकावे असे मी करणार नाही. शिक्षकाला तसे करून चालत नाही.

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील लॉडर या लहान गावी झाला. घर शेतकऱ्याचे. स्कॉटलंडमधील साध्या शेतकरी घरांतही त्या काळी बायबलचे वाचन रोजचे असे आणि मुलाने वाचायला शिकावे ही धर्माचीच आज्ञा मानली जाई. मुलगा हुशार निघाला. कोवळ्या वयात तो एडिंबरोच्या विद्यापीठात गेला. तेथे धर्मशास्त्राबरोबर त्याने हिब्रूही शिकून घेतली. प्रॉटेस्टंट धर्मशिक्षकाला आपला तनाख मूळ भाषेतून वाचता आला पाहिजे, अशी तिकडे शिस्त होती. आपल्या कोकणातील तेल्याच्या घाण्याशी या गोष्टीचा काही संबंध येईल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

१८२८ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी मार्गारेट बेन या सुशिक्षित तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि नवराबायको स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या वतीने हिंदुस्थानास निघाली. फेब्रुवारी १८२९ मध्ये ती मुंबईस उतरली. जॉनचे वय तेव्हा चोवीस होते.

स्कॉटिश मिशनचे ठाणे तेव्हा कोकण किनाऱ्यावर बाणकोट व हर्णै येथे होते. मराठी शिकण्यासाठी विल्सन पतिपत्नी हर्णैस जाऊन राहिली. दिवसचे दिवस पंडिताजवळ बसून त्यांनी भाषा घोटली. काही महिन्यांतच विल्सन मराठीतून उपदेश करू लागले. मार्गारेटही मराठीत चांगलीच तयार झाली. पुढे विल्सन यांनी गुजराथी, हिंदुस्थानी, संस्कृत, फारसी अशा आणखी भाषा शिकल्या, परंतु मराठीवरचा त्यांचा लोभ शेवटपर्यंत राहिला. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाहिला असेल. त्याच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या आरंभी मराठी भाषेवर जी टिपणे आहेत, ती विल्सन यांनी लिहिलेली आहेत.

१८२९ सालच्या अखेरीस ती दोघे मुंबईस परतली. पुढच्याच वर्षी विल्सन यांनी 'ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर' हे मासिक सुरू केले. मार्गारेटने मुलींच्या शाळा काढल्या. मुंबईत मुलींना शिकविणे म्हणजे तेव्हा मोठे धाडस होते. मुलगी शिकली तर संसाराचे वाटोळे होईल असे मानणारे सर्व जातींत होते. मार्गारेटने घरोघर जाऊन मुली जमविल्या. मुंबईची सेंट कोलंबा शाळा आपला आरंभ मार्गारेटच्या याच कामापासून मोजते. फार कष्ट आणि मुंबईची हवा या बाईला सोसली नाही. १९ एप्रिल १८३५ रोजी ती मुंबईतच वारली. आयुष्याची अवघी सहा वर्षे तिने या शहराला दिली. त्या सहा वर्षांत किती मुलींच्या हाती पाटी आली, याचा हिशोब देवाच्या वहीत असेल.

आता १८३२ या सालाकडे येऊ. आपल्या दृष्टीने हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट शाळेची. गिरगावात अंब्रोली म्हणून जे ठिकाण आहे तेथे मिशनचे घर होते. तेथे मार्च १८३२ मध्ये विल्सन यांनी इंग्रजी शाळा उघडली. अंब्रोलीची शाळा म्हणून ती ओळखली जाऊ लागली. या शाळेत इंग्रजी, गणित, भूगोल, इतिहास हे सर्व विषय होते. परंतु शाळेचा कणा म्हणजे बायबल. बायबलचा तास कोणाला चुकत नसे. हिंदू, पारशी, मुसलमान, आपला, कोणाचाही मुलगा असो, त्याने तो धडा वाचायचा आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची. ज्ञान मिळाले की जुन्या समजुती गळून पडतील व मुले आपोआप ख्रिस्ताकडे येतील, असा विल्सन यांचा विश्वास होता. पुढे ही शाळा वाढत गेली, तिचे कॉलेज झाले, तिची नावे व जागा बदलल्या आणि संस्थापकाच्या मृत्यूनंतर ती विल्सन कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली. गिरगाव चौपाटीसमोरची तिची दगडी इमारत १८८९ सालची आहे.

दुसरी गोष्ट पुस्तकाची. त्याच १८३२ साली विल्सन यांनी हिब्रू भाषेच्या व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून लिहून प्रसिद्ध केली. हे पुस्तक त्यांनी खास बेने इस्राएल लोकांसाठी तयार केले होते.

या पुस्तकाचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळची आपली स्थिती ध्यानात घ्यावी लागेल. आपले पूर्वज कोकणात शेकडो वर्षे राहिले. तेल गाळणे हा धंदा आणि शब्बाथला घाणा बंद, म्हणून लोकांनी नाव दिले शनिवार तेली. सुंता आठव्या दिवशी होत असे, शब्बाथ पाळला जाई, मासा घ्यायचा तर खवले-पर असलेलाच, आणि सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी ओठांवर शेमा. एवढा ठेवा त्यांनी जपला. परंतु पुस्तक नव्हते आणि पुस्तक वाचण्याची विद्याही नव्हती. दावीद रहाबी यांनी येऊन काही कुटुंबांना शिकविले अशी आपली परंपरा सांगते. १७९६ साली सामुएल येहेजकेल दिवेकर, म्हणजे आपले सामाजी हसाजी, यांनी मुंबईत पहिली मशीद बांधली. सिनेगॉगला आपले जुने लोक मशीदच म्हणत. १८२६ च्या सुमारास कोचीनहून काही शिक्षक आले व त्यांनी प्रार्थनेच्या रीती घालून दिल्या. या सर्वांचे उपकार थोर आहेत. परंतु हिब्रू तोंडपाठ म्हणणे वेगळे आणि तिचा अर्थ लावून वाचणे वेगळे. बहुतेक लोकांचे हिब्रू पहिल्या प्रकारचे होते. हाज्जान म्हणे, लोक आमेन म्हणत.

अशा वेळी मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. विल्सन यांच्याही आधी, १८१३ साली, अमेरिकन मिशनरी मुंबईस आले होते. त्यांनी मराठी शाळा काढल्या. त्या शाळांत आपली मुले शिकत आणि काही शाळांवर आपलेच लोक पंतोजी म्हणून नेमलेले होते. बायबलची पुस्तके मराठीत छापण्याचे मोठे काम याच अमेरिकन लोकांनी केले. आब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या कथा आपल्या घरांत मराठीतून वाचल्या जाऊ लागल्या त्या या छापखान्यामुळे. विल्सन यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. नुसते भाषांतर न देता त्यांनी मूळ भाषेची किल्ली दिली.

मी जन्मभर शिकविण्याचेच काम केले, म्हणून येथे थोडे व्याकरण बोलतो. हिब्रू शिकविण्यासाठी मराठी ही इंग्रजीपेक्षा अधिक सोयीची भाषा आहे. मराठी शिकलेल्या मुलाला धातू म्हणजे काय हे ठाऊक असते. हिब्रू तर सारीच धातूंवर उभी आहे. तीन अक्षरांचा एक धातू घ्यावा आणि त्यातून शब्दांचे कुटुंब निघावे. कातव म्हणजे लिहिले, कोतेव म्हणजे लिहितो, मिख्ताव म्हणजे पत्र. आपण मुलगा जातो, मुलगी जाते असे म्हणतो. हिब्रूतही हू होलेख, ही होलेखेत असेच चालते. इंग्रजाला हे समजावून सांगावे लागते, मराठी मुलाला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. परकी भाषा मातृभाषेतून शिकवावी, हे तत्त्व मोठमोठे शिक्षणतज्ज्ञ आज सांगतात. विल्सन यांनी ते १८३२ साली आमच्या लोकांसाठी करून दाखविले.

आपली मुले मोठ्या संख्येने या शाळांत गेली, मुलीसुद्धा. पलटणीत नोकरीस असलेल्या बापांना इंग्रजीचे मोल कळत होते. मुंबईत सुतारकाम, गवंडीकाम करणाऱ्यांनाही मुलगा कारकून व्हावा असे वाटे. फी भरण्याची ऐपत नव्हती आणि आपल्या जमातीची स्वतःची चांगली शाळा तेव्हा नव्हती. मग बायबलचा तास सोसून मुले पाठवीत.

हे सोसणे किती जोखमीचे होते, ते इतर जमातींच्या अनुभवावरून दिसते. १८३९ साली अंब्रोलीच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होर्मसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत एकच गदारोळ उठला. पारशी मंडळी सुप्रीम कोर्टात गेली. मुलगा जाणता आहे, त्याने हवे तेथे राहावे, असा निकाल लागला. त्याबरोबर पालकांनी भराभर मुले काढून घेतली आणि भरलेली शाळा जवळजवळ ओस पडली. पुढे १८४३ साली, विल्सन मुंबईबाहेर असताना, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण होता म्हणून कोर्टाने त्याला आईबापांकडे दिले. मग त्या पोराला जातीत परत घ्यावे की नाही यावर वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याची बाजू घेतली, म्हणून शास्त्रीबोवांनाही लोकांचा रोष सोसावा लागला. कोणाच्या घरचा दिवा कोणी नेला आणि त्या घरात पुढे किती काळ रडारड चालली, हे मिशनच्या अहवालांत लिहिलेले नसते. विल्सन यांच्या चरित्रातील ही बाजू मी मुद्दाम सांगतो. ज्या आईबापांची मुले गेली, त्यांना हा विद्वान माणूस चोरासारखाच वाटला असला पाहिजे.

इतर धर्मांशी विल्सन वाद घालीत. १८३० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत ब्राह्मण पंडितांशी त्यांचे जाहीर वादविवाद झाले आणि पुस्तके छापून उत्तरे-प्रत्युत्तरे झाली. पारशी धर्मावर त्यांनी १८४३ साली मोठा ग्रंथ लिहिला. दुसऱ्याचा धर्म खोडून काढायचा तर त्याचे मूळ ग्रंथ वाचले पाहिजेत, ही त्यांची शिस्त होती. या शिस्तीतून त्यांची विद्वत्ता वाढत गेली. गिरनारच्या खडकावरील अशोकाच्या लेखाची नक्कल त्यांच्यामार्फत कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली आणि तो लेख वाचण्याच्या कामी आली. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अध्यक्ष होते. १८४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले.

आपल्या लोकांशी मात्र त्यांचे वागणे निराळे होते. ज्या आब्राहाम, मोशे व दावीद यांची नावे ते व्यासपीठावरून घेत, त्यांचे वंशज त्यांना गिरगावच्या वर्गात समोर बसलेले दिसत. त्यांनी आपल्या चालीरीती, सण, नावे, लग्नकार्ये, सारे विचारून टिपून ठेवले आणि बेने इस्राएल लोकांवर निबंध लिहिले. त्यांना ख्रिस्ती पद्धतीचे शिक्षण द्यावे म्हणून मदत मागणारी पुस्तिकाही लिहिली. हेतू पुन्हा तोच. पण त्या निमित्ताने आपल्या जमातीची हकीकत छापील स्वरूपात युरोपातील वाचकांपुढे गेली.

१८४३ च्या जानेवारीत विल्सन मायदेशी निघाले ते सरळ गेले नाहीत. धनजीभाई नवरोजींना बरोबर घेऊन ते मिसर देशात उतरले. तेथून सिनायचे रान, पेत्रा, हेब्रोन, येरुशालेम असा प्रवास त्यांनी केला. नाब्लुसला शोमरोनी लोकांना भेटले. तिबेरिया व सफेद ही गावे पाहिली. १८३७ सालच्या भूकंपाने ती दोन्ही गावे जमीनदोस्त झाली होती आणि सावरलेली नव्हती. आज आपण सकाळी बसने निघून संध्याकाळी घरी परततो, तेथे तो माणूस उंटावर व घोड्यावर आठवडेच्या आठवडे हिंडला. १८४७ साली या प्रवासाचे दोन मोठे खंड प्रसिद्ध झाले. पवित्र भूमीचे वर्णन करणाऱ्या त्या ग्रंथात पूर्वेकडील यहुदी लोकांच्या हकीकतीत कोकणच्या बेने इस्राएलांनाही जागा मिळाली. आमच्यापैकी बहुतेकांनी हा देश डोळ्यांनी पाहण्याच्या शंभर वर्षे आधी आमचे नाव अशा रीतीने या भूमीच्या पुस्तकात बसले होते.

या नोंदींचे मोल मला फार नंतर कळले. १९६२ ते १९६४ या काळात येथे आपल्या लोकांना लग्नाच्या बाबतीत आपण पुरते यहुदी आहोत हे पटवून द्यावे लागले. उपोषणे झाली, मोर्चे निघाले, आणि १९६४ साली सरकारने आपल्या बाजूने शब्द दिला. ज्या घरांनी ते दिवस सोसले त्यांना ते आठवतात. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ, सुंता व शेमा पाळणारे हे लोक आहेत, असे एका परक्या माणसाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवावे, ही लहान गोष्ट नव्हे. तो तर आपल्याला बदलायला आला होता. त्याने आपल्या कर्मठपणाची साक्ष द्यावी, यापेक्षा निःपक्ष साक्ष कोणती?

विल्सन स्कॉटलंडला पोहोचले तेव्हा तेथील चर्चमध्ये मोठी फूट पडली होती. १८४३ च्या मे महिन्यात शेकडो धर्मोपदेशक सरकारी वर्चस्व नको म्हणून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च स्थापिले. विल्सन व त्यांचे मुंबईचे सोबती फ्री चर्चकडे गेले. त्यामुळे मुंबईत शाळेसाठी जी नवी इमारत उभी राहत होती ती जुन्या चर्चच्या ताब्यात गेली आणि यांना पुन्हा भाड्याच्या जागेतून आरंभ करावा लागला. स्वतःच्या मतासाठी बांधलेले घर सोडून देणारा माणूस होता तो. १८५५ साली खेतवाडीत त्यांच्या संस्थेची स्वतःची इमारत झाली.

स्कॉटलंडमध्ये असताना १८४६ साली इझाबेला डेनिस्टन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. १८४७ साली ते मुंबईस परत आले. पुढची वर्षे मानाची गेली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिल्या फेलोंत त्यांचे नाव होते आणि १८६८ साली ते त्या विद्यापीठाचे व्हाइस चॅन्सेलर झाले. विद्यापीठाच्या परीक्षांत हिब्रूला स्थान मिळाले आणि आपल्या कित्येक मुलांनी दुसरी भाषा म्हणून हिब्रू घेऊन परीक्षा दिल्या. १८७० साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यांना आपल्या सर्वसाधारण सभेचे अध्यक्षपद दिले. मान घेऊन ते तिकडेच राहिले नाहीत, मुंबईस परतले. गुलामांच्या बाजारातून सोडविलेली आफ्रिकन मुलेही त्यांच्या शाळेत शिकत. त्यांपैकी चुमा हा पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत गेला आणि साहेबांच्या मृत्यूनंतर त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचविणाऱ्यांत तो एक प्रमुख होता.

इझाबेलाबाई १८६७ साली वारल्या. १ डिसेंबर १८७५ रोजी मलबार हिलवरील आपल्या घरी डॉ. विल्सन यांनी देह ठेवला. एकाहत्तरावे वर्ष पुरे होण्यास दहा दिवस कमी होते. मुंबईला त्यांनी जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे दिली.

आता हिशोब मांडू. विल्सन यांनी आपल्याला अक्षरे दिली, व्याकरण दिले, शाळा दिली. त्याच्या बदल्यात त्यांना जे हवे होते ते आपण दिले नाही. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर बेने इस्राएलांपैकी अगदी मोजक्यांनीच बाप्तिस्मा घेतला. मुले शाळेत बायबलचा धडा म्हणून घरी येत आणि संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसून शेमा म्हणत. शुक्रवारी दिवा लागे, एलियाहू हनावीच्या नावे मलिदा होई. शाळेतील विद्या आणि घरातील धर्म या दोहोंची सांगड त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आईबापांनी कशी घातली असेल, याचे मला फार कौतुक वाटते.

आणि ज्या विद्येने आपण त्यांच्याकडे जावे असे विल्सन यांना वाटे, तीच विद्या आपल्याला आपल्या मशिदीत घट्ट बसवून गेली. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह पेसाहची हग्गादा शिळाछापावर छापली गेली. योसेफ येहेजकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांच्यासारखा हिब्रू पंडित आपल्यातून निघाला. मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे ते मुख्याध्यापक होते. त्यांनी आपल्या प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली आणि विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले. हाज्जानाच्या मागून नुसते आमेन म्हणणारे लोक दोन पिढ्यांत अर्थ समजून प्रार्थना करू लागले.

योगायोग असा की ज्या १८७५ साली डॉ. विल्सन वारले, त्याच साली हाईम सामुएल केहिमकर यांनी मुंबईत आपल्या जमातीची स्वतःची शाळा सुरू केली. इस्रायलाइट स्कूल, म्हणजे पुढची सर एली कदुरी शाळा. आपली मुले किती दिवस दुसऱ्याच्या बाकावर बसणार आणि दुसऱ्याचा धर्मपाठ म्हणणार, हा प्रश्न केहिमकरांनी ओळखला होता. त्यांनी मिशनऱ्यांना शिव्या देण्यात वेळ घालविला नाही. इमारत, शिक्षक व वर्गणी यांच्या मागे ते लागले. आपल्या जमातीचा इतिहासही त्यांनी लिहिला. तो १८९७ साली लिहून झाला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला.

विल्सन यांच्या चरित्रातून मी घेतो तो धडा हाच. जी जमात आपल्या मुलांना स्वतः शिकवीत नाही, तिच्या मुलांना दुसरा कोणीतरी शिकवितो. तो चांगलाही असेल, विद्वानही असेल, मायाळूही असेल. पण शिकविणाऱ्याची जागा रिकामी ठेवली की तो तेथे आपल्या हेतूने येऊन बसतो. १८३२ साली आपल्या मुलांना मराठी येत होती, हिब्रू येत नव्हती. आज उलटे आहे. नातवंडे हिब्रू फडाफडा बोलतात, पण आजीने गायिलेले लग्नातले गाणे त्यांना कळत नाही, आणि मलिदा कशासाठी करतात हे विचारले तर ती आपल्या तोंडाकडे पाहतात. त्यांच्यासाठी हिब्रूतून मराठी शिकविणारे एखादे लहान पुस्तक लिहायला आता कोणी परका विद्वान जहाजातून उतरणार नाही. ते काम आपल्यालाच केले पाहिजे, आणि जुन्या शाळेत शिकलेले जे आपण चार लोक उरलो आहोत, त्यांनी ते पुढच्यांवर टाकून चालणार नाही.

डॉ. विल्सन यांचा धर्म आपण घेतला नाही, ते योग्यच झाले. त्यांनी दिलेली पाटी मात्र घेतली. त्याबद्दल त्यांची व त्या बिचाऱ्या मार्गारेटबाईंची कृतज्ञतेने आठवण ठेवायला आपल्या कोणत्याही मित्झ्वाची आडकाठी येत नाही.